मुक्कामी नसलेल्या चाळीस लेकी

चि. भाऊजी यांना वहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक आहे असे आधी लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले. आता खरे काय ते लिहिते. तुमच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितल्याचे जाऊबाईंनी कळवले. इकडे या. इथे कोणत्याही डॉक्टरने न सांगता सगळे शहर चालते आहे.

कारण तुम्हाला ठाऊकच आहे, फाइल तुमच्याच टेबलावरून गेली. नदीवरच्या पुलाला तडा गेला म्हणून आठ महिन्यांपूर्वी त्यावरून बस आणि ट्रक बंद झाले. स्टेशन पलीकडे, कारखाने अलीकडे. माझ्या गणवेशांच्या कारखान्यातल्या चाळीस जणी आजूबाजूच्या गावांतून गाडीने येतात आणि स्टेशनापासून पाऊण तास पायपीट करून यंत्रावर बसतात. कापडाचे तागे हातगाडीवरून येतात. परिणामी शाळा सुरू होऊन दीड महिना झाला तरी चौदा गावांतली मुले गेल्या वर्षीच्याच तोकड्या चड्ड्यांत बसली आहेत. (हे मुद्दाम कळवते, कारण शहरावर खर्च केला की गावांच्या तोंडचा घास जातो, असे तुम्ही भाषणात म्हणालात. गावांच्या अंगावरचा सदरा कुठे शिवला जातो, ते बहुधा वेळेअभावी राहून गेले.)

शहरांनी आता स्वतःच्या पायावर उभे राहावे, असेही त्यात होते. तुमच्या भावाने ते वाक्य वर्तमानपत्रातून दोनदा मोठ्याने वाचून दाखवले. (धाकट्या भावाचे नाव छापून आले की यांना अर्थ लागेनासा होतो.) शहर पायावर उभेच आहे, भाऊजी. इथे कमावलेल्यातला कर आधी राज्याकडे जातो. त्यातून धरणे होतात, रस्ते होतात, तुमच्या केबिनमधला एसीही होतो. कमावत्या मुलाने पगार घरी आणून द्यायचा आणि त्याची चप्पल तुटली की "तू तर कमावतोस ना?" असे विचारायचे, हा न्याय तुमच्या खात्यानेच शोधून काढला.

आणि तुमचा तो नियम! पुलासाठी राज्याचे अनुदान हवे, तर शहरात पाच लाख 'मुक्कामी' माणसे हवीत. म्हणजे रात्री इथे झोपतो तो माणूस. दिवसभर इथे राबतो, इथले पाणी पितो, इथला रस्ता झिजवतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो, तो वारा. असा दीड लाख वारा रोज सकाळी स्टेशनावर उतरतो.

तर गेल्या महिन्यात शिरगणतीचा कारकून आला. इथे किती जण राहतात, असे त्याने दारातूनच विचारले. मी म्हटले, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा चाळीस जणी राहतात, मग आपापल्या घरी जातात. "बाई, वेळ नको, नुसता आकडा सांगा. वेळेला रकाना नाही." सांगितला. प्रमुख कोण? मी. नात्याच्या रकान्यात 'कामगार' बसेना, म्हणून त्याने 'मुली' लिहून टाकले. अशा रीतीने बासष्टाव्या वर्षी मला चाळीस मुली झाल्या. थोरली माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे. ती काजे करते, आणि हल्ली "आई, दोरा संपला" असे सगळ्यांदेखत ओरडते.

मी लेखी तक्रार केली. पडताळणीला एक साहेब आले, ते सकाळी अकरा वाजता. चाळीसच्या चाळीस जणी जागेवर. शेरा पडला: सर्व मुली घरीच आढळल्या. मी म्हटले, रात्री येऊन बघा. म्हणाले, "रात्री आमचे ऑफिस बंद असते."

मग दोन पत्रे आली. एक पालिकेला: शहराची मुक्कामी वस्ती पाच लाख एकतीस भरली, सबब शहर अनुदानास पात्र. दुसरे मला: एका हॉलमध्ये एक्केचाळीस माणसांनी राहणे आरोग्यास घातक, सबब महिन्याभरात जागा रिकामी करावी. म्हणजे मी गप्प बसले तर शहराला पूल मिळतो आणि माझा कारखाना उठतो. खरे सांगितले तर कारखाना वाचतो आणि शहर नऊ माणसांनी कमी पडते.

एरवी माझे फोन न उचलणारे पालिकेचे इंजिनिअर स्वतःहून घरी आले. "लेकी म्हणायला तुमचे काय जाते, बाई?" कारखाना जातो, म्हटले. तुमच्या भावाचे म्हणणे, मग तो एखाद्या गावात न्यावा, जागा मोकळी मिळेल. जागा मिळेल हो. पण शेजारच्या गल्लीत बटणवाला, त्याच्यापुढे यंत्रदुरुस्तीवाला, कोपऱ्यावर कापडाचा व्यापारी, आणि बारा गावच्या बायका एका वेळी आणून सोडणारी गाडी, हे सगळे मी ट्रंकेत भरून नेऊ का? हे एका ठिकाणी असते त्यालाच शहर म्हणतात. कॉलेजात अर्थशास्त्राच्या सरांनी हे एका तासात शिकवले होते. तुम्हीही त्याच कॉलेजात होता. त्या दिवशी बहुधा गैरहजर असाल.

मी खरे तेच लिहून सही केली आहे. खोट्या आकड्यावर बांधलेल्या पुलावरून मला चालवणार नाही. कागद गुरुवारच्या बैठकीत तुमच्यापुढे येईल. जाऊबाईंना आशीर्वाद. प्रकृतीस जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. : वरचे सगळे वाचले नाहीत तरी चालेल. मागणे एवढेच, की नियमात 'मुक्कामी' या शब्दापुढे 'अथवा कामास येणारी' हे तीन शब्द घाला. पेन तुमच्याकडे आहे. मग आम्हाला कुणाच्या आया व्हावे लागणार नाही.

ता. क. २ : पत्राने तुमच्यावर काही परिणाम होत नाही, असे तुमच्या भावाचे मत पडले. (याबाबतीत आमचे एकमत आहे.) म्हणून गुरुवारी चाळीस जणींना घेऊन मी तुमच्या ऑफिसात येते आहे, नऊ ते सहा. त्या तिथल्या मुक्कामी नाहीत. तेव्हा त्यांना बसायला जागा, प्यायला पाणी, संडास, यांतले काहीही लागणार नाही. दुपारपर्यंत लागलेच, तर नियम तुम्ही स्वतः बाहेर येऊन त्यांना वाचून दाखवा.