शिबिरातला माझा सहभाग आणि डावीकडे कलणारी होडी

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तो कागदावरच मानून घे.) भावोजींचा गुडघा काय म्हणतो?

गेल्या पंधरवड्यात माझ्या हातून पुढील वस्तू झाल्या: दोन विटांचं ओझं पेलणारा पुठ्ठ्याचा पूल (कठड्यासकट), खराखुरा धूर सोडणारा ज्वालामुखी, सशाचे दोन कान, आणि शेजारच्या टेबलावरच्या हत्तीची सोंड (त्या पोराचा बाप फोनवर बोलत होता, मला बघवेना). हे सगळं तुझ्या भाचीच्या उन्हाळी शिबिरात. 'पालकांचा सहभाग अपेक्षित' असं त्यांनीच फळ्यावर लिहिलं होतं. बाकीचे पालक मागे बसून फोटो काढायचे. त्यालाच सहभाग म्हणतात हे मला काल कळलं. तुला ठाऊकच आहे, मला कुणी काही शिकवलं नाही; रंधासुद्धा बोटांची सालं काढून घेत शिकलो. त्यामुळे वाकडं काही दिसलं की हात आपोआप पुढे जातो.

आता शेवटची वस्तू म्हणजे लाकडी होडी. समारोपाला सगळ्यांच्या होड्या टाकीत सोडणार आहेत. पोरीची होडी डावीकडे कलते. ती डबा खायला गेली तेव्हा मी जराशी कानस फिरवली, अगदी केसभर, तर ही मागे उभी!

"बाबा, खाली ठेवा ती."

"अगं, बुडेल!"

"बुडू दे. माझी आहे ना?"

(हा हेका तुझ्यावर गेलाय.) तेव्हापासून अबोला. जेवताना मीठ हवं असलं तरी तिच्या आईला सांगते आणि आई मला सांगते.

त्यात शिबिराच्या बाईंनी पालकांच्या समाधानाचा कागद भरायला दिला. 'मूल काय शिकलं?' याखाली मी सविस्तर लिहिलं: काटकोनातला सांधा, पॉलिश पेपर फिरवायची दिशा, खळ किती आटवावी. बाई वाचून म्हणाल्या, "काका, हे तुम्हाला येतं. तिला काय आलं?"

ताई, मी लिहिलेलं सगळं खोडलं.

असो. प्रकृतीला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता.क. उद्यापासून समारोपापर्यंत तुझ्याकडे राहायला येऊ का? बाबा घरात नसतील तरच होडी घरी आणून पुरी करीन, अशी अट पोरीने आईकरवी कळवली आहे. (तुझ्या कपाटाचं दार अजून कुरकुरतं ना? हत्यारं घेऊनच येतो.)

ता.क. २. भावोजींच्या कानावर भलतंच काही जायच्या आत सांगून ठेव. मी शिबिराकडे फिरकू नये म्हणून बाईंनी सगळी फी परत देऊ केली होती. मी साफ नकार दिला. लेक म्हणाली म्हणून लांब राहतोय, तेही फुकट. नाकारलेली रक्कम: पूर्ण अठराशे.