सोमवारी न येणारं कंपन

४ मार्च, मंगळवार. संध्या. ७.३०

आज काय घडलं, क्रमाने:

१. सकाळी दहा वाजता पाण्याच्या जुन्या मनोऱ्याबद्दलच्या माझ्या अहवालावर खात्याची सही झाली.
२. दुपारी बारा वाजता मनोरा पर्यटकांसाठी बंद झाला.
३. १२.२० ला बाबा घरी आले. एरवी सहाला येतात. (ही वेळ आईने सांगितली.)
४. मी ६.४० ला आले. बाबांचं मार्गदर्शकाचं ओळखपत्र स्वयंपाकघराच्या खिडकीत काढून ठेवलेलं होतं.
५. त्यांनी विचारलं, अहवाल कुणी लिहिला. मी म्हटलं, मी.
६. त्यांनी विचारलं, "वर गेली होतीस?"
७. मी म्हटलं, गरज नव्हती.
८. बाबा जेवले नाहीत.

क्र. ६ चा प्रश्न अतांत्रिक आहे. मनोऱ्यावरच्या टाकीत सेन्सर बसवलेला आहे, त्याचा डेटा माझ्या स्क्रीनवर येतो. ताप मोजायला डॉक्टर पेशंटच्या पोटात शिरत नाही.

५ मार्च, बुधवार

साहेब म्हणाले, वडील तिथेच काम करत असताना असा अहवाल द्यायला धमक लागते. मी म्हटलं, मी आकडे बघते, माणसं नाही. वाक्य चांगलं जमलं.

नोंदीसाठी: रोज ५.१० ते ५.१२ दरम्यान टाकीत मर्यादेच्या सहापट कंपन. फक्त सोमवारी नाही. बाजूच्या टेबलावरच्याने तेव्हाच विचारलं होतं, "सोमवारी का नाही गं?" मी लिहिलं होतं: डेटा गॅप. कारण: बहुधा संध्याकाळची अवजड वाहतूक.

सोमवारी मनोरा बंद असतो हे मला माहीत होतं. संबंध जोडण्याचं कारण नव्हतं.

८ मार्च, शनिवार

चार दिवस कंपन शून्य. सरळ रेघ. म्हणजे मनोरा बंद करण्याचा उपाय लागू पडला. साहेबांना ग्राफ पाठवला.

बाबा दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून. खिडकीतून मनोरा दिसतो. अंतर ३४० मीटर, मध्ये एक रस्ता आणि एक पेट्रोल पंप. ते पाणीखात्यात फिटर होते. याच टाकीचे व्हॉल्व्ह त्यांनी वीस वर्षं सांभाळले. टाकी रिकामी झाली, मनोरा बघण्याची जागा झाली, बाबा निवृत्त झाले आणि पुन्हा तिथेच गेले, मार्गदर्शक म्हणून. त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षं म्हणतायत, "एकदा चल वर." मी "नाही" असं कधीच म्हटलं नाही. शनिवारी बघू म्हटलं. घराजवळच आहे, कुठे पळून जातोय.

ठरवलं: वातावरण निवळलं की पुढच्या शनिवारी जायचं. (मनोरा सध्या बंद आहे. तरी हेतू नोंदवून ठेवते.)

९ मार्च, रविवार. दुपारी

फ्रिजवर माझे चौदा मॅग्नेट आहेत. चौदा देशांतले चौदा मनोरे, प्रत्येकावर मी चढलेय. आज आई फ्रिज पुसताना एकेक काढून ओट्यावर मांडत म्हणाली, "यातल्या एकासाठी तीन तास उन्हात उभी होतीस ना? काखेत कळसा नि गावाला वळसा. दुसरं काय म्हणायचं तुला."

मी म्हटलं, तो मनोरा जगप्रसिद्ध आहे.

आई म्हणाली, "हो का. हा आम्हालाच प्रसिद्ध."

शिवाय आजकाल चहाला उशीर होतो. कारण विचारलं. म्हणाली, पाच दहाला आवाज यायचा तेव्हा ती आधण ठेवायची, आता घड्याळ बघावं लागतं. कसला आवाज? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे विचारलं नाही. पाच दहाला मी ऑफिसात असते. सुट्टीला घरी असले तर हेडफोन असतात.

१२ मार्च, बुधवार

मनोऱ्याच्या तिकीटखिडकीवरच्या मावशी आमच्याच इमारतीत राहतात. आज लिफ्टमध्ये भेटल्या. आठ मजले. त्यांनी आठही वापरले.

"काय गं, बंद पाडलास ना? तुझे बाबा शेवटच्या बॅचला काय करायचे माहितीये? वीस-पंचवीस जणांना टाकीत गोल उभं करायचे. एक, दोन, तीन, आणि सगळ्यांनी मिळून धप्पकन पाय आपटायचा! आणि मग गप्प. मोठी मोठी माणसं श्वास रोखून आवाज विरेपर्यंत सेकंद मोजायची. लोक परत परत यायचे त्यासाठी. तुला खाली कधी ऐकू नाही आलं?"

मी विचारलं, शेवटची बॅच किती वाजता.

"पाचला निघायची. चढायला दहा मिनिटं."

योगायोग असू शकतो.

१३ मार्च, गुरुवार

योगायोग नाही.

१५ मार्च, शनिवार

ही चूक नाही. उपलब्ध माहितीवरून काढलेला निष्कर्ष आहे. माहिती उपलब्ध नव्हती. म्हणजे, उपलब्ध होती, पण मागितली नव्हती. म्हणजे, न मागता रोज मिळत होती.

कारण बाबा जेवायला बसले की एक आकडा सांगायचे. "आज साडेनऊ." "आज दहा." एकदा ताट बाजूला सारून, "आज अकरा!" आई म्हणायची, वा. मला वाटायचं, किती बॅच झाल्या ते सांगतायत. साडेनऊ बॅच कशा होतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. दशांश दिसला की मी सहसा सोडत नाही.

उपाय सोपा आहे. अहवालाला पुरवणी जोडायची. कारण कळलं, टाकीचा तळ भक्कम आहे, मनोरा उघडा. बाबांना आत्ता सांगणार नाही. उघडल्यावर कळू दे. मी भावनाप्रधान नाही, पण इतपत चालेल.

१७ मार्च, सोमवार

पुरवणी पाठवली. एकच परिच्छेद, एकही शब्द जास्त नाही:

"कंपनाचे मूळ कारण रचनेत नाही. शेवटच्या बॅचच्या वेळी मार्गदर्शक सुमारे पंचवीस पर्यटकांना एकाच वेळी पाय आपटण्यास सांगतो. हा भार बाहेरून येणारा व टाळता येण्याजोगा आहे. रचना सुरक्षित आहे."

शेवटचं वाक्य ठळक केलं. इतकं स्वच्छ मी बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं.

२४ मार्च, सोमवार

मान्य! १ एप्रिलपासून मनोरा उघडतोय.

ठरवलं: ५ एप्रिल, शनिवार, पाचची बॅच. बाबांबरोबर. कॅलेंडरमध्ये टाकलं. रिमाइंडर दोन.

२ एप्रिल, बुधवार

मनोरा काल उघडला. बाबांना आत घेतलं नाही.

हातात पत्र दिलं. ते त्यांनी संध्याकाळी आम्हाला वाचून दाखवलं, चष्मा लावून, सावकाश. रचनेस धोका होईल असे वर्तन, सेवा समाप्त, ओळखपत्र जमा करावे. आधाराला माझा परिच्छेद, जसाच्या तसा. ठळक वाक्य मात्र गाळलेलं.

"यातला मार्गदर्शक म्हणजे मी ना?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, वैयक्तिक नव्हतं, पदाचा उल्लेख आहे.

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले. "सरळ."

आई म्हणाली, "तुला एक फोन करता येत नव्हता? घरात विचारता येत नव्हतं? भिंतीपलीकडे झोपतो तो माणूस."

मी म्हटलं, मी त्यांच्यासाठीच केलं.

आई म्हणाली, "पहिल्यांदा त्यांच्याकडे न बघता केलंस. दुसऱ्यांदाही तेच. मग बदललं काय?"



५ एप्रिल, शनिवार

रिमाइंडर वाजला. दोन्ही.

९ एप्रिल, बुधवार

खात्याला लिहिलं: मार्गदर्शकाचा हेतू चांगला होता, सहा वर्षांत एकही अपघात नाही, फेरविचार व्हावा. चाळीस मिनिटांत उत्तर. आमच्याकडे इतक्या लवकर कुणी उत्तर देत नाही. "आपल्याच पुरवणीनुसार बाब निकाली काढली आहे. धन्यवाद."

साहेबांना भेटले. ते म्हणाले, "तूच म्हणालीस ना, आकडे बघते, माणसं नाही?" त्यांना वाक्य आवडलं होतं.

१२ एप्रिल, शनिवार. संध्या. ६.१५

एकटी गेले. घरातून निघून तिकीटखिडकीपर्यंत चार मिनिटं.

मावशींनी तिकीट फाडलं. "अहवाल लिहिणाऱ्यांनाही तिकीट पडतं हं." मागचे दोघे हसले. मी सुटे दिले.

१८६ पायऱ्या. बाबांचे गुडघे सहा वर्षं दिवसातून पाच वेळा हे चढले. वर पोचेपर्यंत मी दोनदा थांबले.

टाकी मला वाटली होती त्याहून मोठी. लोखंडी, गोल, आतून काळपट. बाबांच्या जागी स्पीकर आहे. त्यातला बाईचा आवाज व्हॉल्व्हची संख्या चार सांगतो. सहा आहेत, मी मोजले. दारापाशी नवा बोर्ड: "पाय आपटू नये. तांत्रिक अहवालानुसार." खाली माझ्या अहवालाचा क्रमांक. शुद्धलेखन बरोबर होतं.

५.१० वाजले. आम्ही अकरा जण उभे होतो आणि काहीच झालं नाही. लोकांनी फोटो काढले आणि उतरायला लागले. मी मागे राहिले. टाच थोडी उचलली.

"मॅडम," पहारेकरी म्हणाला, "बोर्ड वाचा की. शिकलेल्या दिसता."

टाकीला एकच झरोका आहे. त्यातून आमचं स्वयंपाकघर दिसतं. भांड्यांची मांडणी, फ्रिज, सगळं. इतकं स्पष्ट दिसत असेल याची कल्पना नव्हती. बाबांची खुर्ची खिडकीशीच होती. त्यांनी ती फिरवून घेतलीये. मला त्यांची पाठ दिसली.

१३ एप्रिल, रविवार

बाबा माझ्याशी बोलत नाहीत असं नाही. मीठ मागितलं तर देतात. जेवताना आकडा सांगत नाहीत, पण आता आकडा नाहीच, त्यामुळे त्याचा वेगळा अर्थ काढायला नको.

विचार केला आणि एक उणीव लक्षात आली: त्या टाकीत आवाज किती वेळ घुमतो याची नोंद कुठेच नाही. अहवालात नाही, पुरवणीत नाही, बोर्डावर नाही. यापुढे मोजताही येणार नाही. तांत्रिकदृष्ट्या हे योग्य नाही. म्हणून खालील मजकूर स्वच्छ लिहून काढला आणि फ्रिजवर एका मॅग्नेटखाली लावला. समोरासमोर विचारण्यापेक्षा लेखी बरं.

"बाबा,
टाकीत आवाज किती सेकंद घुमायचा, ते आकडे तुम्ही रोज सांगायचात. मी लिहून घेतले नाहीत. तुमच्याकडे कुठे लिहिलेले असतील तर हवे आहेत. नसतील तर आठवतील तेवढे चालतील. अकराचा दिवस कोणता होता, तेही.
कृपया शुक्रवार, १८ एप्रिलपर्यंत कळवावे."