संशोधनातले ठोके

बा, तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझा मार अजून संपलेला नाही. आज आमच्या विद्यापीठात संशोधनाचं प्रदर्शन होतं. इंजिनीअरिंगच्या पोरांनी होडीत कमी बर्फावर मासळी टिकवणारी पेटी मांडली होती, मॅनेजमेंटवाल्यांनी कोळणी बाजारात भाव कसा ठरवतात त्याचे तक्ते लावले होते. आपल्या वर्सोव्याला सगळ्यांनी आपापल्या बाजूने धरलं होतं. भाषेच्या टेबलावर मी तुझा आवाज ठेवला होता.

तेव्हा मी एम. ए. करत होते. तुझी बोली टिपायला रेकॉर्डर घेऊन समोर बसले होते. डोल जाळं बांधायचा आपला खुंट समुद्रात कुणी रोवला, ते तू छाती काढून सांगत होतास, "माझ्या बानं." बोंबील तळता तळता आय म्हणाली, "तुझ्या नाय, माझ्या बानं." माझ्यासमोर, मशीनसमोर तिने तुला खोटं पाडलं. तू उठलास, कोपऱ्यातलं वल्हं उचललंस आणि शिव्या देत तिच्या पाठीवर हाणत राहिलास, हात थकेपर्यंत. मी मध्ये पडले तर मला भिंतीवर आदळलंस. माझी भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. रेकॉर्डर चालूच होता. इतकी अस्सल, न लाजता बोललेली बोली मला पुन्हा कुणाकडे मिळाली नाही, याची अजून चीड येते.

प्रदर्शनात ते रेकॉर्डिंग वाजवू का, असं मी आयला विचारलं होतं. ती म्हणाली, "वाजव गो. मेल्यावर तरी त्याला लाज वाटूंदे." मी वाजवलं. तुझ्या शिव्या न कळून मॅनेजमेंटचे एक सर टेबलावर ताल धरायला लागले. "झकास! होडी वल्हवतानाचं गाणं ना हे?" इंजिनीअरिंगची एक मुलगी मात्र कान देऊन ऐकत होती. "मॅडम, हे ठोके लाकडावरचे नाहीत. काय कुटतायत?"

"माझ्या आईला," मी म्हटलं. सरांनी हात मागे घेतला.

आता ते सगळं विद्यापीठाच्या संग्रहात जाईल. हे पत्र मात्र तू असतास तरी तुला दिलं नसतं, एवढी भीती अजून आहे. आणि एक. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीचा छोटा तुकडा मी कापून माझ्याकडे ठेवलाय. त्यात तू विचारतोस, "जेवलीस का गो?" तो मी एकटीच ऐकते, आणि दर वेळी हो म्हणते.