वाडीत पडलो तर वाडीतच

बाबा, आमच्या हॉटेलात चादरींना इस्त्री करणारी एक बाई आहे, आणि गेल्या आठवड्यात तिने मला सुक्या सोड्यांची पुडी आणून दिली. पुडी तिने उजव्या हाताने दिली. मी पुडीकडे कमी आणि तिच्या बोटांकडे जास्त बघत होते. पाचही बोटं कागदाभोवती नीट मिटली होती. ती म्हणाली, "मॅडम, पुडी हाय, साप न्हाय, घ्या की." मी घेतली. संध्याकाळी घरी आले, पुडी डब्यात ठेवली आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि आपल्यात पत्राचा व्यवहार कधीच नव्हता. तुम्ही चौलच्या नाक्यावरून कारखान्याच्या गाडीत बसायचात आणि संध्याकाळी तिथेच उतरायचात, त्यात पत्र लिहायला जागाच कुठे होती?

माझं काम तुम्हाला सांगायचं राहिलंच. काशीदजवळच्या एका मोठ्या हॉटेलात मी ऑफिस सांभाळते. पगार, रजा, हजेरी, भांडणं, आणि सगळ्या नोकरांचा मिळून मालकाने काढलेला अपघात विमा. हा शेवटचा विषय मला इतका पाठ आहे की आचारी मला मागून 'विमाबाई' म्हणतात. दरवर्षी विमा नवीन झाला की मी सगळ्यांना नाश्त्याआधी जेवणाच्या शेडमध्ये बसवते आणि इंग्रजी कागद मराठीत समजावून सांगते. नाश्त्यानंतर बसवलं तर कोणी थांबत नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. मी सांगते की हा विमा अपघाताचा आहे, आजाराचा नाही. ताप आला, छातीत दुखलं तर तो यात बसत नाही. पडलात, भाजलात, गाडीने उडवलं तर बसतो. आणि तो चोवीस तासांचा आहे, ड्यूटी असो नसो, हॉटेलात असो की घरी. झोपेत कॉटवरून पडलात तरी चालेल. फक्त दारू प्यायलेली नको, आणि पडल्यावर मला लवकर सांगायचं. मोठा आचारी दरवर्षी तोच प्रश्न विचारतो, "आणि बायकोनं ढकललं तर?" मी दरवर्षी तेच उत्तर देते, "तर आधी पोलिसात जा, मग माझ्याकडे या." सगळे हसतात आणि त्यामुळे त्यांच्या लक्षात राहतं.

त्या कागदात एक पान असं आहे की पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते आवडलं नव्हतं. त्यात माणसाचे भाग पाडलेले असतात. दोन्ही डोळे गेले, दोन्ही हात गेले तर विम्याची पूर्ण रक्कम. एक हात, एक डोळा गेला तर त्यातला काही हिस्सा. मग बोटं. अंगठ्याला सगळ्यात जास्त, त्याच्या शेजारच्या बोटाला त्याहून कमी, असं खाली खाली जातं. कसायाच्या दुकानातली पाटी वाचल्यासारखं वाटलं होतं मला. आता तसं वाटत नाही. हात कामातून गेल्यावर त्या माणसाचं काय काय जातं याचा कोणीतरी निदान विचार केला होता, एवढं त्या पानावरून कळतं. त्याच्याआधी उपचाराचं कलम येतं, म्हणजे दवाखाना, ऑपरेशन, औषधं यांचा खर्च एका मर्यादेपर्यंत बिलं बघून मिळतो. आणि बरं होईपर्यंत कामावर जाता आलं नाही तर दर आठवड्याला ठरलेले पैसे. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं कलम उपचाराचं. ते वेळेवर मिळालं तर बोटांच्या पानापर्यंत जायची पाळी बहुतेक वेळा येत नाही. हे मी माझ्या माणसांना सांगते तेव्हा माझा आवाज थोडा चढतो, असं लाँड्रीतल्या बायका म्हणतात.

तर ही इस्त्रीवाली बाई. पावसाळ्यानंतर एका सोमवारी ती दारात उभी राहिली, उजवा हात ओढणीने गळ्यात बांधलेला. "मॅडम, म्हैनाभर बिनपगारी रजा द्या, हात मोडलाय." मी विचारलं कुठे. तर म्हणे घरी. पत्र्यावर सोडे वाळत घातले होते, ते काढायला शिडीवर चढली आणि शिडीची पायरी तुटली. मनगटात दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी बसवून ऑपरेशन करायला सांगितलं होतं, पण ती नुसतं प्लास्टर घालून आली होती. मी म्हटलं, "मग ऑपरेशन का नाही केलं?" ती म्हणाली, "येवढं कुठलं आणू? आणि घरी पडले, त्यात हाटेलाचा काय संबंध?" मग जरा पुढे आली, दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "इथंच लाँड्रीत पडले असं लिवलंत तर कोण इचारतंय?"

बाबा, मी हातातलं पेन खाली ठेवलं. तिला वाटलं मी रागावले. तिने सुट्टीचा अर्ज टेबलावरून उचलायला घेतला. मी म्हटलं, "काही गरज नाही. पत्र्यावरून पडलात तर पत्र्यावरूनच पडलात असं लिहू." हे वाक्य तुमचं आहे, फक्त वाडीच्या जागी पत्रा घातला.

तो रविवार मला सगळा आठवतो. पोफळीवर चढणारा गडी त्या आठवड्यात आला नव्हता आणि सुपारी पिकून गळायला लागली होती. तुम्ही म्हणालात, चार झाडं तर आहेत, मीच चढतो. तिसरी पोफळ मधूनच मोडली. आई चुलीवरची भाकरी तशीच टाकून धावली, भाकरी जळाल्याचा वास दुपारपर्यंत घरात होता. अलिबागच्या डॉक्टरांनी हात बघितला आणि सांगितलं की नुसतं हाड मोडलेलं नाही, नसही दाबली गेली आहे, दोन-तीन दिवसांत मुंबईला नेऊन ऑपरेशन करा, नाहीतर बोटं मिटणार नाहीत. तुम्ही कारखान्यात फिटर. बोटं मिटणार नाहीत म्हणजे पाना धरता येणार नाही, हे डॉक्टरांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी तुमचा फोरमन आला. ओटीवर बसला आहे, आई चहा ठेवते आहे, आणि मी दाराआड उभी राहून ऐकते आहे. "माझं ऐक," तो म्हणतो, "दवाखान्याचा कागद फाडून टाक. उद्या सकाळी कसाबसा गाडीत बस. आत आलास की शिडीवरून पडल्याचं मी लिहितो, तिथनं थेट मुंबईला नेतो तुला. विमा हाय कंपनीचा, पण कामावर पडलास तरच मिळतो." माणूस वाईट नव्हता. तुमच्या हातासाठी तो स्वतःची नोकरी पणाला लावत होता. तुम्ही गळ्यातला हात सावरलात. मग म्हणालात, "मी वाडीत पडलो. वाडीत पडलो तर वाडीतच पडलो." तो म्हणाला, "हाताचा इचार कर." तुम्ही म्हणालात, "तोच करतोय. ह्याच हातानं रोज हजेरी लिवतो." फोरमन चहा अर्धा टाकून गेला. आईने रात्रीच्या भाकऱ्या आपटत थापल्या.

मुंबईला तुम्ही गेला नाहीत. आईने वाडीचा तुकडा विकायचं म्हटलं, तुम्ही नाही म्हटलंत. प्लास्टर निघालं तेव्हा हात सरळ होता, पण बोटं अर्ध्यातच थांबायची, काहीतरी धरायला निघून विसरून गेल्यासारखी. फिटरचं काम गेलं. कारखान्याने गेटवर बसवलं, येणाऱ्या गाड्यांचे नंबर डाव्या हाताने लिहायला. चार वर्षं तुम्ही ते केलंत आणि मग सोडून दिलंत. नारळ सोलणं आईकडे आलं. दाढी डाव्या हाताने करताना हनुवटीखाली एक ठिपका रोज राहायचा. तुम्ही त्याबद्दल कधी कुरकुर केली नाहीत, पण लग्नाकार्यात कोणी हात पुढे केला की तुम्ही लगेच नमस्कार करायचात. मला ते दिसायचं, आणि मी दुसरीकडे बघायचे.

तुमच्या तेराव्याला तोच फोरमन आला होता, म्हातारा होऊन. सगळ्यांसमोर म्हणाला, "असा खरा माणूस बघितला न्हाय. हात घालवला, पण खोटं लिवलं न्हाय." सगळ्यांनी माना हलवल्या. त्यानंतर महिन्याभराने आईची पत्र्याची पेटी आवरताना मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला तो कागद सापडला. कारखान्याने तेव्हा प्रत्येकाला दिलेला, विम्याची माहिती असलेला. तोपर्यंत मी असल्या कागदांवरच पोट भरत होते. उभ्याउभ्याच वाचला. चोवीस तास. कुठेही. कामावर असो वा नसो. उपचाराचा खर्च, आठवड्याचे पैसे, बोटांचं पान, सगळं होतं. फोरमनला माहीत नव्हतं, तुम्हाला माहीत नव्हतं. वाडीत पडलो म्हणून खरं लिहिलं असतंत तरी मुंबईचं ऑपरेशन झालं असतं. मी पेटीच्या कडेवर बसून राहिले. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो कोणावर काढायचा तेही मला नीट माहीत होतं.

इस्त्रीवालीचं ऑपरेशन त्याच आठवड्यात अलिबागला झालं. मी विमा कंपनीला फोन केला, फॉर्म भरला, बिलं गोळा केली. 'अपघाताचं ठिकाण' या रकान्यात 'राहतं घर' लिहिलं. 'कारण' या रकान्यात खरं ते लिहिलं, तर पंधरा दिवसांनी त्यांचं विचारणं आलं की सोडे म्हणजे काय. मी दोन ओळींत सुकवलेल्या कोळंबीची माहिती लिहून पाठवली आणि सोबत तुटलेल्या शिडीचा फोटो. दवाखान्याचे पैसे आले, घरी बसलेल्या आठवड्यांचेही आले. बोटांच्या पानापर्यंत जावं लागलं नाही. ती आता पुन्हा चादरींना इस्त्री करते. एका हाताने चादरीचं टोक घट्ट धरते आणि दुसऱ्याने इस्त्री ओढते. मी अधूनमधून उगाच लाँड्रीत जाऊन येते.

शेडमधल्या त्या सभेत मी दरवर्षी शेवटी तुमची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, माझे वडील एवढंच. पोफळ, फोरमन, तुमचं वाक्य, पेटीतला कागद. आणि मग म्हणते, "कागद घरातच होता, पण वाचणारं कोणी नव्हतं." मोठा आचारीसुद्धा पातेल्यावरचं झाकण वाजवत नाही. त्यानंतर माणसं आपापला कागद घेऊन येतात आणि मॅडम, हे काय लिहिलंय, ते काय लिहिलंय विचारतात. गोष्ट उपयोगाची आहे, यात शंका नाही.

पण बाबा, तुम्हाला माहीत आहे. फोरमन गेल्यावर तुम्ही डाव्या हाताने पेटी उघडलीत आणि मला हाक मारलीत. "बाय, तुला इंग्लिश येतं. बघ गं, घरी पडलेल्याचं काय लिवलंय काय ह्यात." मी दहावीत होते. दोनच आठवड्यांपूर्वी मला शाळेत इंग्रजीचं बक्षीस मिळालं होतं, आणि तुम्ही ते कारखान्याच्या गाडीत सगळ्यांना सांगितलं होतं. मी कागद घेतला. पहिल्या ओळीपासून मला काही कळत नव्हतं. मी बोट फिरवत गेले, तीन पानं उलटली, तोंडाने पुटपुटले. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता. मला येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंचं घर चार घरं सोडून होतं. मी कागद मिटला आणि फोरमनचंच वाक्य म्हटलं, "कामावर पडलं तरच मिळतं, बाबा." तुम्ही म्हणालात, "बरं." मग कागद पुन्हा पिशवीत घातलात आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात, डावा, चांगला होता तो.

खोटं लिहायचं नव्हतं म्हणून तुम्ही खरी वाट शोधत होता. ती होती, आणि मी नाही म्हणून सांगितलं.

सोड्यांची पुडी मिळाली त्या दिवशी मी ठरवलं होतं की यंदा सभेत ते शेवटचं वाक्य बदलायचं. वाचणारी घरात होती, म्हणून सांगायचं. काल सकाळी सभा झाली. इस्त्रीवाली पहिल्या ओळीत बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मी पोफळ सांगितली, फोरमन सांगितला, पेटी सांगितली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, तुम्ही बघत होता तसे.

मी म्हटलं, वाचणारं कोणी नव्हतं.