लोहचुंबकाची साक्ष

तिरुवान्मियूर, चेन्नई
संक्रांतीनंतरचा सोमवार

प्रिय नित्या,

हे पत्र टपालाने का पाठवते आहे, ते आधी सांगते. फोनवर मी ‘डेक’ हा शब्द उच्चारला की नेमके त्याच क्षणी तुला इरुंगाट्टुकोट्टैच्या त्या कारखान्यात कोणीतरी बोलावते. तुझ्या खरेदी विभागाची ही तत्परता कौतुकास्पद आहे. पण पत्राला मध्येच तोडता येत नाही. शिवाय तुझे मराठी वाचन संथ आहे आणि संथ वाचणारा माणूस ओळी गाळत नाही, असा माझा वर्गातला अनुभव आहे. तेव्हा सावकाश वाच. गिंडीच्या कचेरीवरची स्वतःच्या नावाची पाटी उतरवताना तू मला म्हणाली होतीस, “आत्या, मला हे काम जमत नाही, हे आता सिद्ध झालंय.” जिने आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले तिच्यासमोर ‘सिद्ध’ हा शब्द असा सैल हाताने टाकू नये. त्या दिवशी मी गप्प राहिले, कारण माझ्याजवळ प्रतिवाद होता, पुरावा नव्हता. आज पुरावा आहे. दोन पावसाळे अंगावर घेऊन तो माझ्या परसात उभा आहे.

प्रथम तुझा पक्ष तुझ्याहून नीट मांडते, म्हणजे तो मी सोयीसाठी दुबळा केला, असे तुला म्हणता येणार नाही. नीलांकरैला गिरीधर यांच्या समुद्राकाठच्या अतिथिगृहापुढे तू सागवानी फळ्यांचा डेक बांधलास. नकाशा तुझा, लाकडाची निवड तुझी, देखरेख तुझी. दुसऱ्या पावसाळ्यात स्क्रूंची डोकी गंजून तुटू लागली, फळ्यांवर तपकिरी ओघळ उतरले, एक फळी टोकाशी सुटून वर आली आणि तिला अडखळून गिरीधर यांच्या आई देविकाम्मा पडल्या. मनगट मोडले. यावरून तू ठरवलेस की डेक वाईट होता, म्हणजे नकाशा वाईट होता, म्हणजे नकाशा काढणारी वाईट आहे. पूर्वपक्ष असा आहे. देविकाम्मांची वेदना खरी होती आणि तुझी शरमही खरी होती, हे मी नाकारत नाही. मी नाकारते तो निष्कर्ष. पुराव्याच्या अंगाहून तो इतका मोठा शिवला आहे की त्यात तुझे सगळे आयुष्य मावले.

पाटी उतरवल्यावर तू कचेरीतले सामान माझ्याकडे ठेवून गेलीस. नकाशांची गुंडाळी छत्र्यांच्या कोपऱ्यात उभी होती आणि तिच्या पायाशी उरलेल्या स्क्रूंचा मोठा खोका होता. मी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखा तपासला. इंचभर जाडीच्या फळीला अडीच इंचांचा स्क्रू तू योजला होतास, म्हणजे दीड इंच खालच्या वाशात घट्ट बसणार; बरोबर. प्रत्येक वाशावर प्रत्येक फळीला दोन स्क्रू, कडेपासून पुरेसे आत, म्हणजे लाकूड चिरणार नाही, बरोबर. फळ्यांमध्ये फट, पाणी उतरायला किंचित उतार, तेही बरोबर. मी काही सुतारकामातली जाणकार नाही, पण या विषयावर जे वाचण्यासारखे सापडले ते सगळे वाचून काढले, आणि दोष शोधण्याच्या बाबतीत माझा लौकिक तुला ठाऊक आहे. मला एकच जागा सापडली. तू लिहिले होतेस, ‘स्टेनलेस स्टीलचे स्क्रू’. पुढे प्रत, म्हणजे दर्जाचा क्रमांक, लिहिली नव्हतीस.

स्टेनलेस हे कुळाचे नाव आहे, व्यक्तीचे नव्हे. त्या कुळात समुद्रापाशी नांदणारे आहेत, स्वयंपाकघरात उत्तम वागणारे आहेत आणि केवळ आडनावावर जगणारेही आहेत. माझी एक जुनी विद्यार्थिनी गिंडीतल्या एका धातू-प्रयोगशाळेत काम करते. तुझ्या खोक्यातला एक स्क्रू मी तिच्याकडे नेला. ती म्हणाली, “मॅडम, हा दोनशे दोन. घरात ठेवा, काही होणार नाही. समुद्र दाखवू नका.” मग तिने समुद्राकाठी टिकणाऱ्या तीनशे सोळा या प्रतीचा एक स्क्रू शेजारी ठेवला आणि दोघांवर एकाच औषधाचा थेंब टाकला. तीनशे सोळावरचा थेंब रंगला. तुझ्या स्क्रूवरचा तसाच राहिला. त्या रंगाचे कारण मॉलिब्डेनम, आणि खाऱ्या हवेला अडवतो तो हाच धातू. डोळ्यांना मात्र दोन्ही स्क्रू जुळ्या भावांसारखे.

एवढ्यावर मी तुला पत्र लिहू शकले असते. पण मग तू म्हणाली असतीस, कशावरून स्क्रूच कारण? लाकूड असेल, मापे असतील, मी असेन. आक्षेप रास्त होता. एखादी गोष्ट कारण आहे असे म्हणायचे, तर ती असताना परिणाम दिसला पाहिजे आणि बाकी सगळे तसेच ठेवून फक्त तीच काढली तर परिणाम नाहीसा झाला पाहिजे. म्हणून मी परसात तुझ्याच नकाशावरून, लहान आकाराचा डेक बांधवला. लाकूड त्याच वखारीतले, सुतारही तुझाच सुंदर. उजव्या अर्ध्या भागाला तीनशे सोळाचे स्क्रू, डाव्या अर्ध्या भागाला तुझ्या खोक्यात उरलेले. पाऊस एक, खारा वारा एक, लाकूड एक, नकाशा एक. डाव्या बाजूवर कोणी पाय ठेवू नये म्हणून तिथे कुंड्या मांडल्या, आणि समतोलासाठी उजव्या बाजूवर तेवढ्याच कुंड्या ठेवून मधली वाट तेवढी मोकळी सोडली.

सुंदरने पहिल्या सकाळी माझी परीक्षा पाहिली. सवयीने त्याने यंत्र पूर्ण वेगाने चालवले आणि तीनशे सोळाच्या स्क्रूंची डोकी एकामागून एक तुटू लागली. “अम्मा, एवढा मोठ्या घरचा स्क्रू, आणि मान बघा, नवरीसारखी!” मी त्याला पुस्तकातले वाचून दाखवले की ही प्रत घर्षणाने तापते आणि पिरगळते, म्हणून आधी बारीक भोक पाडावे, स्क्रूला साबण चोळावा आणि यंत्र हळू चालवावे. “साबण? आंघोळ घालून बसवायचा?” असे म्हणत त्याने माझी नवी वडी उचलली. त्यानंतर एकही तुटला नाही. आता तो हीच युक्ती इतरांना शिकवतो आणि ती स्वतःची म्हणून सांगतो. मी हरकत घेतलेली नाही.

तुझे बाबा दर रविवारी येत आणि टोमणा मारल्याखेरीज उपम्याला हात लावत नसत. “अक्का, ओट्यासारखी लाकडी तिण्णै बांधलीस ती बांधलीस, पण तिला अर्धशिशी कशाला लावलीस?” दोन्ही बाजूंचे स्क्रू मी दोन स्टीलच्या डब्यांत काढून ठेवले होते आणि कुठला कुठून आला ते त्याला सांगितले नव्हते. साक्षीदाराच्या कानात निकाल आधी घालू नये. माझ्या या भावाच्या, विश्वेशच्या, खिशात कायम काय असते ते तुला माहीत आहे. आवडी गावातल्या कारखान्याच्या भांडारात आलेला माल तो लोहचुंबकाने तपासत असे, आणि तिथल्या कामाला ती कसोटी पुरेशी होती. निवृत्तीनंतर ती त्याची श्रद्धा झाली. त्याने दोन्ही डब्यांत चुंबक फिरवला. कुठेच चिकटला नाही. “दोन्ही पास! अक्का, पोदुम, पुरे. संपला तुझा शोध.” मी त्याला विचारले, जिथे चुंबक चिकटत नाही तिथे गंज चढत नाही, ही व्याप्ती, हा सरसकट नियम, तू कुठे पाहिलीस? तो म्हणाला, “तीस वर्षं पाहिली.” मी म्हटले, छपराखाली पाहिलीस.

पहिला पावसाळा आला तो चक्रीवादळासह. खिडकीच्या गजांवर मीठ जमले, शेजाऱ्यांचे पत्रे उडाले, परसात गुडघाभर पाणी साचले. ते ओसरल्यावर डाव्या बाजूच्या स्क्रूंभोवती चहाच्या पेल्याखाली उमटतात तशी वर्तुळे दिसली. उजवीकडे काही नव्हते. मी उतावीळ झाले नाही. तुझा डेकही पहिला पावसाळा तगला होता. दुसरा पावसाळा या कार्तिकात सरला. एका सकाळी मी परसात गेले, तर डावीकडची तुळशीची कुंडी कलली होती. तिच्याखालची फळी टोकाशी सुटून वर आली होती, जशी नीलांकरैला आली होती. स्क्रूचे डोके मी नखाने ढकलले आणि ते माझ्या तळहातावर आले. मग मी उजव्या बाजूला गेले. वयाला न शोभणारे असले तरी सांगते, तिथे मी टाच आपटली. पुन्हा आपटली. फळी हलली नाही, कुरकुरली नाही, डागाळलेली नव्हती. नित्या, आयुष्यात मी अनेक वाद जिंकले आहेत, पण पायाखाली जिंकलेला हा पहिलाच.

मग मी न्यायसभा भरवली. गिरीधर यांना रीतसर निमंत्रण लिहिले, सुंदरला बोलावले, विश्वेश तर यायचाच होता. गिरीधर आले ते हाताची घडी घालून, आणि आमंत्रण नसतानाही देविकाम्मा त्यांच्यासोबत आल्या. गिरीधर म्हणू लागले, “टीचर, जे झालं ते झालं, आता कशाला…” तेवढ्यात आईने त्यांना गप्प केले. “मनगट माझं मोडलं. निकाल मी देणार. तू कुंडी धर.” चपला काढून त्या उजव्या बाजूवर चढल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या, मग डाव्या बाजूच्या उचललेल्या फळीकडे वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. मला विचारले, “दोन्हीचं चित्र एकीनंच काढलं?” मी होय म्हटले. “मग चित्राला बोल कशाला?” असे म्हणून त्या उजव्या बाजूच्या मध्यावर मांडी घालून बसल्या आणि कॉफी मागितली. माझ्या सगळ्या अनुमानाचा सारांश त्यांनी चार शब्दांत सांगितला. मला किंचित मत्सर वाटला.

मग विश्वेश पुढे झाला. त्याने चुंबक काढला, डाव्या बाजूच्या तुटक्या डोक्याला लावला, मग उजव्या बाजूच्या चकचकीत डोक्याला. दोन्हीकडे साक्ष एकच, म्हणजे कुठल्याच बाजूची नाही. मग त्याने विचारले, हे डावीकडचे आले कुठून? उत्तर टाळण्याचा अधिकार मला नव्हता. मी कपाटातून तुझा खोका आणून त्याच्यापुढे ठेवला. त्याच्या झाकणावर निळ्या पेन्सिलीची मोठी ‘बरोबर’ची खूण होती. भांडारात तपासून घेतलेल्या मालावर तो जशी करीत असे, अगदी तशी. तो खाली बसला. “अक्का, हे मी आणले होते. तिला वेळ नव्हता, म्हणून आपल्या शहरातल्या पॅरीसच्या बाजारात जाऊन मीच आणले. एक-एक तपासून आणले.” मग म्हणाला, “तिनं तुला सांगितलं नव्हतं?” मी म्हटले, तिने कोणालाच सांगितले नाही. गिरीधर रागावले तेव्हाही नाही आणि पाटी उतरवतानाही नाही. देविकाम्मांनी त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “लेक चांगली वाढवलीत. चुंबक तेवढा टाकून द्या.” सगळ्यांत आधी हसला तो विश्वेशच. डोळे पुसायला त्याने जो रुमाल काढला, तो खिशात परत गेलेल्या त्या चुंबकालाच गुंडाळलेला होता.

ती खूण मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. पत्र लिहिण्याचे खरे कारण तिथे आहे. तू बाबांना झाकायला स्वतःला उभे केलेस आणि मग त्या सोंगावर स्वतःच विश्वास ठेवलास. ‘प्रत लिहिली नाही’ हा तुझा दोष मी माफ करत नाही. तो तेवढाच आहे, पुढच्या वेळी लिही. आता पुढची वेळ आलेली आहे. देविकाम्मांना नीलांकरैचा डेक त्याच नकाशावरून पुन्हा हवा आहे, आणि मापे घ्यायला तूच आली पाहिजेस, दुसरे कोणी आले तर त्या दार उघडणार नाहीत. पण त्याआधी, या शनिवारी सकाळी, माझ्याकडे ये. डावी बाजू मी बदललेली नाही. सुंदर यंत्र घेऊन तयार होता. त्याला मी नाही, तुझ्या बाबांनी थांबवले. गिंडीच्या प्रयोगशाळेत तपासून घेतलेल्या नव्या स्क्रूंचा खोका त्यांनी डेकवर आणून ठेवला आहे आणि त्यावर अजून खूण केलेली नाही. “जुना पहिला स्क्रू नित्या काढेल, मी फळी धरेन आणि खूण तीच करेल,” असे ते म्हणतात. पेन्सिल त्यांनी टोक करून ठेवली आहे. साबणाची नवी वडी मी आणली आहे. त्या वेळी मी उजव्या बाजूला खुर्ची टाकून बसेन आणि एक शब्दही बोलणार नाही. माझा युक्तिवाद संपला.

तुझीच,
आणि या खटल्यापुरती तुझी वकील,
विद्यालक्ष्मी आत्या