साध्या जोडीचं तुऱ्याचं पिल्लू

बाबा, तुमच्या कबुतरांचा मला अजून राग येतो. पॉवरलूमवरून आलात की घोटभर पाणीही न पिता तुम्ही कामठीच्या घराच्या गच्चीवर जायचात, मागोमाग धाकटा भाऊ. मी जिना चढू लागले की वरूनच ओरडायचात, "खाली जा वं, कबुतरं बिचकून राहिली!" त्याच्या खांद्यावर बसणारी कबुतरं नेमकी मलाच बिचकायची म्हणे. जळफळाट व्हायचा नुसता.

तुमची सगळी कबुतरं साध्या डोक्याची, उंच उडणारी. एकदा त्यातल्याच एका जोडीला डोक्यावर तुरा असलेलं पिल्लू झालं आणि तुम्ही थेट शेजाऱ्याच्या तुरेवाल्या नरावर आळ घेतलात. "जात बिघडवली त्यानं!" म्हणत जोडी देऊन टाकलीत, शेजाऱ्याशी बोलणंही सोडलंत. आता मी नागपुरात कॉलेजात आनुवंशिकता शिकवते, म्हणून सांगते, शेजाऱ्याचा नर यायची गरजच नव्हती. मानेमागची पिसं उलटी वाढवणारा एक जनुक असतो. आईबापांकडून त्याची एकेक प्रत आली तरच तुरा दिसतो; एकच असली तर डोकं साधं आणि तुरा आत लपलेला, पिढ्यान्‌पिढ्या. रानातल्या कबुतरांना तुरा नसतोच. कुठल्या तरी काळी हा बदल झाला, तुमच्यासारख्या हौशी माणसांनी निवडून जोड्या लावल्या, आणि कितीतरी जातींच्या डोक्यावर तोच तुरा आला. निसर्गही असाच निवडतो, फक्त त्याला तुमच्यासारखी घाई नसते.

कबुतरं आता धाकट्याकडे आहेत, अर्थातच. काल त्याचा फोन आला. त्याच्याही साध्या जोडीला तुऱ्याचं पिल्लू झालंय. "काहून झालं वं ताई असं? बाबा असते तर त्यायनं बरोबर सांगतलं असतं. रविवारी देऊनच टाकतो जोडी." बाबांनी बरोबर सांगितलं असतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "पुस्तकात पाहून सांगते." पुस्तक कशाला हवं होतं?

रविवारच्या आत सांगेन त्याला, जोडी जाऊ देणार नाही. पण गच्चीवरचं सगळं तुमच्या दोघांचंच होतं, बाबा. आजचा दिवस तरी ही एवढी गोष्ट तुमच्या-माझ्यातच राहू दे.