एकशेवीस मेंढरांचा गेटपास

बजाजनगर, वाळूज
रविवार

तीर्थरूप साळूअक्का, धाकट्या केरबानं तुझ्या पायांवर डोकं ठेवलंय असं समज आणि पाठीत धपाटा घालायचा असेल तर तोही घाल. गुडघ्याला तेल चोळतेस का? नातवाला दात आले का? पत्र वाचून दाखवणाऱ्या सारजाला आशीर्वाद. (सारजा पोरी, कंसातला मजकूर फक्त तुझ्यासाठी आहे. तो मनात वाचायचा आणि पुढं जायचं. सासूनं विचारलं, मधेच गप्प का झालीस, तर शाई फिसकटलीय म्हणायचं.)

तीन महिने मी फोनवर बोललो नाही म्हणून तू रागावलीस आणि ‘केरबाला पेन्शन सुरू झाली, बहीण बंद झाली’ असं फुलंब्रीभर सांगितलंस. ते वाळूजपर्यंत आलं. अक्का, आधी पाणी पिऊन घे. माझ्या घशात गाठ निघाली. तपासली, आणि ज्याचं नाव आपल्या घरात कुणी घेत नाही तोच आजार निघाला. पस्तीस दिवस दवाखान्यात किरणांचा शेक घेतला, गाठ हटली नाही. पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे. तू रडून घे, सारजा थांबेल. मग पुढचं ऐक, कारण पुढचं लई हसण्यासारखं आहे. (डॉक्टर म्हणतात, स्वरयंत्रच काढावं लागणार. जीव राहील, आवाज राहणार नाही. हे एवढ्यात वाचू नकोस.)

सध्या दिवसाला दहा मिनिटं घोगरा का होईना आवाज निघतो. आता तू विचारशील, ती दहा मिनिटं बहिणीच्या वाट्याला का नाही आली? अक्का, ती मी एका परक्या बाईवर खर्च केली. काठी शोधू नकोस, तुझ्या भावजयीला सगळं माहीत आहे.

झालं असं, की दवाखान्याच्या कँटीनमध्ये मला सूर्यभान भेटला. माझ्याबरोबर कंपनीत फिटर होता. विद्यापीठाच्या नामांतराचं पेटलं होतं त्या वर्षांत आम्ही एका शेडमध्ये काम करायचो आणि गेटबाहेर दोन वेगळ्या टपऱ्यांवर चहा प्यायचो. माझी टपरी वेगळी का होती, ते तुलाही ठाऊक आहे आणि त्यालाही ठाऊक होतं. कँटीनमध्ये मात्र त्यानंच हाक मारली, ‘‘केरबा, तू पण?’’ मी म्हणालो, ‘‘व्हय.’’ आपल्याकडं दवाखान्यात भेटलेल्या माणसाला कोणता आजार म्हणून विचारायची रीत नाही. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याला अर्धाच कप चहा चालतो म्हणाला. उरलेला अर्धा त्याच कपातून मी प्यायलो. पस्तीस वर्षांनी का होईना, प्यायलो.

त्यानं तिथंच माझ्या मोबाइलवर मला एका ग्रुपात घातलं. नाव ‘आपली माणसं’. सदतीस माणसं, कुणी शेंद्र्याचं, कुणी पैठणचं, आणि सगळी आजारी. अक्का, घरी जो तो माझ्या पाठीवर हात फिरवतो आणि ‘काय नाय होत’ म्हणतो. म्हणताना तोंड मात्र तेराव्याच्या जेवणाला बसल्यासारखं. ग्रुपात कुणी ‘काय नाय होत’ म्हणत नाही. ‘आज उलटी झाली का? किती? बरं, मग आता थोडं झोपा.’ एवढंच. मी पहिल्या दिवशी लिहिलं, ‘भीती वाटते.’ पाच मिनिटांत नऊ जणांनी लिहिलं, ‘आम्हालाही.’ त्या दुपारी मला जी झोप लागली, ती महिन्यात लागली नव्हती.

आठवड्यानं ग्रुपावर पथ्याचा कागद आला. दिवसभरात पाणी फक्त चार पेले, भाजी दोनदा उकळून तिचं पाणी फेकून द्यायचं, केळं बंद. मी शिस्तीचा माणूस. स्टोअरमध्ये तीस वर्षांत एक नट हरवला नाही. तीन दिवस तांब्याला हात लावला नाही. तोंडाचं चामडं झालं. तुझी भावजय पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यामागं घरभर फिरली आणि मी ‘आपली माणसं नको म्हणतात’ सांगत मोरीत लपलो. शेवटी तिनं मला डॉक्टरांपुढं उभं केलं. डॉक्टर ओरडले, ‘‘घसा भाजल्यावर घोट घोट पाणी पीत राहा म्हणून सांगितलं होतं ना? कमी प्यायला कुणी सांगितलं?’’ कागद बघितला आणि त्यांनी चष्माच काढला. ‘‘अहो, हे किडनीवाल्यांचं आहे!’’

म्हणजे अक्का, मी आठवडाभर दुसऱ्यांच्या आजारात राहत होतो. चुकून भलत्याच लग्नात जेवायला बसावं आणि वाढपी आग्रह करून वाढत असावेत, तशी गत. उठायला हवं होतं. पण ज्या पंगतीत पोट भरतंय तिथून उठवत नाही. आणि त्याच दिवशी आवडाबाईंचं झालं.

आवडाबाई तुझ्या फुलंब्रीच्याच, बाजारापलीकडं राहतात. मालक नाहीत, मुलगा शेंद्र्याला कंपनीत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी शहरात येऊन चार तास मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, नाहीतर खेळ संपला. त्यांनी त्या दिवशी ग्रुपावर आवाज पाठवला, ‘‘बास झालं. शुक्रवारपासून म्या सुया टोचून घेणार नाय. चार तास आढ्याकडं बघून येड लागायची पाळी आली.’’ सगळ्यांनी समजावलं. कुणी देवाचे फोटो टाकले, कुणी सूर्योदयाचे. बाई ढिम्म. मला काही सुचेना, म्हणून मी आपला आवाज पाठवला आणि आबांच्या मेंढरांची गोष्ट सांगायला लागलो.

तुला ती आठवत असणारच. माहेरपणाला आलेली होतीस, आबांची भाकरी घेऊन तूच गेटवर आली होतीस. कंपनी नवी, आपल्या चराईच्या रानावर उभी राहिलेली, मला स्टोअरमध्ये चिकटून दीड महिना झालेला. साहेबानं हौसेनं लावलेल्या हिरवळीवर आबा सगळा कळप घेऊन आत, कारण त्यांची वाट वर्षानुवर्षं तीच. साहेब म्हणाला, गेटपासशिवाय या कंपनीतून काही बाहेर जाणार नाही. मग मी एकेका मेंढराचा पास फाडत बसलो. मालाचं वर्णन : काळं तोंड, डावा कान तुटका. नग : एक. परतीचा माल की बिनपरतीचा? आबा म्हणाले, ‘‘परतीचा लिव्ह. गवत वाढलं की पुन्यांदा येऊ.’’

दहा मिनिटांत माझा आवाज संपला. तोवर दोनच मेंढरं बाहेर पडली होती. आवडाबाईंनी विचारलं, ‘‘मंग? बाकीची?’’ मी लिहिलं, ‘शुक्रवारी, मशीनवर असताना.’ आणि अक्का, बाई शुक्रवारी गेल्या! मेंढरासाठी गेल्या. तेव्हापासून दर खेपेला एक-दोन मेंढरं बाहेर काढतो. प्रत्येकाला नाव, खोड आणि एखादं लफडं. आतापर्यंत चौतीस निघाली.

पण मनाला डाचत होतं. ही माणसं मला आपलं समजून जीव लावतात आणि मी लबाड. आवाजही दिवसेंदिवस फाटत चाललेला. शेवटी गेल्या बुधवारी धीर करून लिहिलं, ‘मी तुमच्यातला नाही. मला घशाचा कॅन्सर आहे. फसवलं, माफ करा.’ ते नाव मी पहिल्यांदाच लिहिलं. आणि ग्रुपातून बाहेर पडलो. सूर्यभाननं परत आत घेतलं. पुन्हा बाहेर पडलो, पुन्हा आत घेतलं. मग आवडाबाईंचा आवाज आला, ‘‘केरबाभाऊ, आम्हाला ठावं हाय. पहिल्याच आठवड्यात तुम्ही शहाळं पितानाचा फोटो टाकला व्हता. आमच्यातल्यानं असलं पेलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याचाच फोटो टाकावा लागला असता, हार घालून!’’ मी विचारलं, मग बोलला का नाही? तर म्हणाल्या, ‘‘मेंढरं आत अडकल्याली व्हती ना.’’

सूर्यभाननं एवढंच लिहिलं, ‘सांगितलं असतं तर तू निघून गेला असतास. आता गप बस.’ अक्का, मी गप्प बसलो आणि मनसोक्त रडलो. तुझी भावजय म्हणाली, वाईट बातमी आली का? म्हटलं, नाय, लई चांगली.

आता सोमवारनंतर मला बोलता येणार नाही, अजिबात, कधीच. (सारजा, हे कंसाबाहेर आलंय, वाचून टाक.) ग्रुपानं त्याचीही सोय लावलीय. मंगळवारी आवडाबाई मशीनवरून मला फोन लावतील आणि बोलतील, मी मोबाइलवर बोटानं टकटक करायची. एकदा म्हणजे व्हय, दोनदा म्हणजे नाय, भराभर म्हणजे मी हसतोय. कालपासून सराव चालू आहे. एवढी माणसं मला ज्या आजारानं दिली त्याचे आभार मानावेत की नाही कळत नाही, पण माणसांचे मानतो. तू काळजी करू नकोस.

तुझा लाडका आणि सध्या फार कमी बोलणारा,
केरबा

ता. क. हे पत्र घेऊन दारात उभ्या आहेत त्याच आवडाबाई. आत घे, बसायला दे. पाणी विचारू नकोस, त्यांचा आजचा कोटा संपलाय. खडीसाखरेचा खडा दे.

आणखी ता. क. खरं काम असं, की येत्या मंगळवारपासून तू त्यांच्याबरोबर सकाळच्या गाडीनं दवाखान्यात जात जा. एकट्या असल्या की त्यांना वाटतं, आज राहू दे. टकटकीनं मेंढरं बाहेर निघत नाहीत, आणि ती पाहिलेलं माणूस आता मी आणि तूच. गुडघ्याचं सांगू नकोस, मी दवाखान्यात चाकाची खुर्ची सांगून ठेवलीय.

शेवटचं ता. क. (सारजा, हे बाई गेल्यावर सासूच्या कानात वाच.) अक्का, आबांची मेंढरं त्या दिवशी अकराच होती. मी एकशेवीस सांगितलीत. आकडा सांभाळ. एका खेपेला एकच काढ, घाई करू नकोस. आणि कळप संपत आलाच, तर एखादी मेंढी गेटातच व्याली म्हणून सांग.